अठ्ठावीस सालची बाटली

घोलवड
८ नोव्हेंबर १९६२

श्री. शावकशा खोदादाद इराणी यांस,

आपली चिठ्ठी मिळाली. पत्र म्हणवत नाही, कारण ऑफिसच्या कागदाच्या अर्ध्या पानावर तीन ओळी आहेत. पण पाच वर्षं होत आली, तुमच्या हातचं अक्षर पाहिलं नव्हतं. मधल्या काळात बागेच्या कामाचं जे काही आलं ते टाइप केलेलं, खाली कारकुनाची सही. म्हणून तीन ओळी का होईना, दोनदा वाचल्या.

विहिरीत सापडलेली तुमच्या वडिलांची, बावाशेठची बाटली गवतात गुंडाळून चिकूच्या पेटीत घालून रेल्वेनं मुंबईला पाठवावी, जानेवारीत मित्र जेवायला आहेत, असं आपण लिहिता.

पाठवणार नाही. का, ते लिहितो, म्हणजे हट्ट केला असं म्हणायला नको.

ही बाटली अठ्ठावीस सालच्या बोर्दोची आहे, तांबडी. त्या सालची वाइन तरुणपणी फार कडक, जीभ आखडून टाकणारी. बावाशेठ म्हणायचे, हिला तीस वर्षं कुणी हात लावू नये. इतक्या वर्षांत तिच्या अंगातला गाळ खाली बसतो, बाटली आडवी असते म्हणून एका कुशीला. घोलवड ते मुंबई मालगाडी किती ठिकाणी डबे आपटते ते मला सांगायला नको. तो गाळ एकदा ढवळला गेला की तोंडात मशेरीची चूळ धरल्यासारखं लागतं. शिवाय चिकू पेटीत पिकतात तेव्हा पेटी आतून तापते. तुम्ही चिकूच्या बागायतदाराचे चिरंजीव, तुम्हाला ठाऊक असायला हवं. आणि डहाणूला पोलीस अजून पेट्या फोडतात. दमण आपलं झालं म्हणून तिकडून येणारा माल काही थांबला नाही. दारूचं परमिट तुमच्या नावाचं, मुंबईत. पेटी पाठवणारा म्हणून नाव माझं लागेल, आणि मला परमिट नाही.

बाटली सापडली कशी, तेही नीट सांगतो. कारकुनानं काय कळवलं असेल देव जाणे. गेल्या महिन्यात विहिरीतला पंप बदलला. विहिरीच्या पोटात पंपाची खोली आहे, तिच्या मागच्या कोठडीत बावाशेठनी भिंतीत मातीचे नळ आडवे बसवून घेतले होते, एका नळात एक बाटली. गवंड्यानं कोपरा फोडला तर आणखी एक नळ निघाला. तोंड लिंपून बंद केलेलं. आत बाटली, गळ्याला जस्ताची पट्टी, आपण कलमांना बांधतो तसली. पट्टीवर बावाशेठच्या हातानं खिळ्यानं कोरलेलं आहे: ‘शावक. १९२८.’

तुमच्या जन्मसालाची. मी त्याच दिवशी ऑफिसला कळवलं. माझ्या ताब्यातली वस्तू मी लपवत नाही.

तुम्ही-तुम्ही लिहिताना हात अडतोय. चारचौघांत मी तुला शेठ म्हणत आलो, पण याच विहिरीत कमरेला भोपळा बांधून तुला पोहायला कुणी शिकवलं? तेव्हा आता सरळ लिहितो. बाटली इथे आहे, तू इथे ये. बावाशेठ थंडीत एक रविवार धरून चार माणसांना जेवायला बसवायचे, तसे बसू. ते म्हणायचे, जी जिथे झोपली तिला तिथेच उठवावी. यायचं नसेल तर तीही पडून राहील. तिला घाई नाही.

नारायण जिवा तामोरे


घोलवड
२६ नोव्हेंबर १९६२

शावक,

या खेपेला पान भरून लिहिलंस, बरं वाटलं. त्यातलं एक वाक्य मात्र उतरवून परत पाठवतो, म्हणजे तुला दिसेल कसं दिसतं ते: ‘सरक्याला वाइन म्हणणाऱ्यानं मला वाइन शिकवू नये.’

मुंबईत हे वाक्य चांगलं मुरलेलं दिसतं. दोन वर्षांपूर्वी तुझ्या ओळखीचे कुणी गृहस्थ इथे कलमं बघायला आले होते. मी त्यांना कलम दाखवतोय, आणि ते माझ्या तोंडाकडे बघतायत. शेवटी म्हणाले, “आंबून सरका झालेल्या वाइनची तारीफ करणारे ते तुम्हीच का?” मी म्हटलं, “हो, मीच. हे कलम काळीपत्तीचं आहे, पाणी बेताचं द्या.”

तेव्हा त्या जेवणाचं काय झालं ते एकदा माझ्या बाजूनं लिहून ठेवतो. तू ते इतक्या वेळा सांगितलंयस की आता तुलाही खरं आठवत नसेल.

जानेवारी अठ्ठावन्न. बावाशेठना जाऊन अडीच वर्षं झालेली. त्यातली सव्वादोन मी इथे नव्हतो, तू मला उंबरगावला नवी बाग लावायला धाडलं होतंस. त्यावर आज काही म्हणत नाही. तुझी तार आली, मी दुपारच्या गाडीनं उतरलो. तुझा मित्र पेसी आणि दुसरे दोघे मुंबईहून आलेले. बावाशेठच्या तेरा बाटल्या तू आधीच विहिरीतून वर आणून बाजूच्या टेबलावर ओळीनं मांडल्या होत्यास. मला त्या विहिरीत असताना बघायलाही मिळाल्या नाहीत. मांडता मांडता तू सगळ्यांसमोर म्हणालास, “यातली एक जरी कुणाच्या हलगर्जीनं फुकट गेली असेल ना, तर त्याचं बिऱ्हाड उद्या बागेबाहेर.” हसत म्हणालास. पण तुझं हसणं मी तुझ्या दुधाच्या दातांपासून ओळखतो.

मला बावाशेठच्या उजव्या हाताची खुर्ची दिलीस. ती माझीच होती. मांगेलवाड्यातल्या जिवा तामोऱ्याचा मुलगा तिथे कसा बसला हे तुझ्या मित्रांना सांगायचं तुला सुचलं नाही, म्हणून आता सांगतो. तेराव्या वर्षी मी या बागेत पाणी लावायला आलो. ‘बोर्डो’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो फवारणीच्या पिंपावर. मोरचूद आणि चुना. बावाशेठना विचारलं, हे बोर्डो कुणाचं नाव? ते हसले, आत नेऊन नकाशा दाखवला. मग व्यापाऱ्यांची जुनी सूचीपत्रं दिली, शब्दकोश दिला. इंग्रजी मी तसं शिकलो, शाळेत नाही. आणि नाक माझं आईनं घडवलं. ती सुकी मासळी विकायची. टोपलीला हात न लावता सांगायची की यातला कुठला बोंबील पावसाचा थेंब लागून सुकलाय. बावाशेठ म्हणायचे, “नारू, तुझी आई फ्रान्समध्ये असती तर तिला गाडीतून नेलं-आणलं असतं.”

तर त्या जेवणाला मी पहिलं बूच काढलं. बुचाचा माझ्या बोटांत भुगा झाला. ग्लासात थोडी ओतली, हुंगली, घोट घेतला. तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, “म्हातारी झालीय. दमलीय. पण आहे. बावाशेठना अशीच आवडायची.”

पेसीनं मोठा घोट घेतला आणि रुमालात थुंकला. “अरे, आ तो सरको छे!”

मग हसणं. तू सगळ्यांत शेवटी हसलास, पण सगळ्यांत जास्त. म्हणालास, “नारूभाय, तुझं नाक सुक्या बोंबलावर पोसलेलं. त्याला काय दोष द्यायचा.” मग एकामागून एक सगळ्या फोडल्यास. सगळ्या तशाच. शेवटची झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणालास, “तू आत जाऊन जेव.”

मी आत जाऊन जेवलो. पान टाकून उठलो नाही.

मी त्या दिवशी काय चाखलं ते मला ठाऊक होतं. बूच निघायच्या आधीपासून ठाऊक होतं. यापुढे आज लिहीत नाही. तुला वाटायचं ते वाट.

बाटली आहे तिथेच आहे.

नारायण


घोलवड
१८ डिसेंबर १९६२

प्रिय शावक,

रविवार तेरा जानेवारी. ठरलं.

तुझं पत्र पोस्टमननं बागेच्या फाटकाशी दिलं, मी तिथेच उभ्यानं वाचलं. ‘येतो. पपांची बाटली पपांच्या टेबलावर.’ तुझ्या हातून असं वाक्य लिहिलं जाईल असं मला वाटलं नव्हतं. मागच्या पत्रात मी जरा जास्त लिहिलं असेल. लिहिलेलं खोडत नाही, पण त्यावर आता भांडतही नाही.

तयारीचं सांगतो. मासळी मुळीच ठेवणार नाही, तू मागितलीस तरी. सुकी मासळी आणि तांबडं बोर्दो एकत्र आलं की जिभेवर तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं होतं. बावाशेठ दर वर्षी उकडहंडी करायचे, तीच करू. कंद, रताळी, पापडी आणि आमरीचा पाला मडक्यात भरून, मडकं उलटं करून वर जाळ घालायचा. मसाला बेताचा. स्वयंपाक करणारी पुतळी मिरची सढळ हातानं घालते, तिला सांगून ठेवलंय. बरोबर बोकडाचं मटण, नुसतं मीठ आणि लसणावर भाजलेलं. पाव डहाणूहून आणतो.

पुतळी तुला आठवते ना? तुला कडेवर घेऊन चिकूच्या झाडाखाली मुंग्या दाखवत फिरायची. आता केस पांढरे झालेत, पण आवाज तोच आहे. तू येतोस म्हटल्यावर म्हणाली, “दात आले का त्याला नीट? लहानपणी पुढचे दोन नव्हते.” मी म्हटलं, चौतीस वर्षांचा झालाय तो. म्हणाली, “मग पडायला लागले असतील.” तिचा नवरा चैत्या ओसरीची खुर्ची तासून देतोय, पाय हलत होता.

खुर्चीवरून निघालं म्हणून एक अट घालतो. मित्र आणायचे तर आण, पेसीलाही आण. माझं त्याच्याशी भांडण नाही, त्याला जे लागलं ते तो बोलला. पण मी टेबलाशी बसेन. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तो काय म्हणतो, तू काय म्हणतोस, बाटलीतून काय निघतं, कशानंही मी उठून आत जाणार नाही. हे आधीच कबूल कर. दुसरं काही मागत नाही.

आणि बावाशेठचे तीन उंच देठाचे ग्लास तू मुंबईला नेले होतेस, ते घेऊन ये. फडक्यात गुंडाळ, कागदात नको. कागदाचा वास काचेला धरतो.

तुझा
नारूभाय


घोलवड
१० जानेवारी १९६३

प्रिय शावक,

चार ओळी लिहितो, परवा तुला मिळतील.

आज सकाळी बाटली वर आणली आणि ओसरीच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत उभी ठेवली. गाळ कुशीवरून बुडाशी जायला दोन-तीन दिवस लागतात. खोलीला कुलूप नाही, पण कुणी आत जात नाही. उजेडात धरून पाहिलं. गळ्यापर्यंत भरलेली आहे, थोडीच उतरलीय. बूच ओलं आहे, कडेनं काळपट. लक्षण चांगलं आहे.

पुतळी दारातून बघत होती. म्हणाली, “आता उभी केलीस ती?”

मी म्हटलं, “हो. गाळ बसायला हवा.”

ती म्हणाली, “असं? तू केली तर चालते.”

आणि निघून गेली. काय म्हणून म्हणाली, ते मी विचारलं नाही. तुला सांगायची एक गोष्ट आहे. कागदावर नको. रविवारी जेवण झाल्यावर बसून सांगेन. तू ती ऐकून घेशील असं तुझ्या या खेपेच्या पत्रावरून वाटतं. अटीचं तू लिहिलं नाहीस, पण नाहीही म्हटलं नाहीस. म्हणजे कबूल धरतो.

सकाळच्या गाडीनं आलास तर स्टेशनवर बैलगाडी ठेवतो.

नारूभाय


घोलवड
१५ जानेवारी १९६३

शावक,

काल संक्रांत होती. त्या दिवशी गोड बोलायचं असतं, म्हणून काल लिहिलं नाही.

तुझी गाडी रविवारी दुपारी आली. मडकं जाळात होतं. हॉर्न ऐकून पुतळी पदर सारखा करत फाटकाशी गेली आणि तशीच परत आली. गाडीत ड्रायव्हर एकटा. त्यानं तुझी चिठ्ठी दिली. ‘नारूभाय, रात्री पेसीकडे सगळे जमताहेत, निघता येत नाही. बाटली ड्रायव्हरजवळ दे. मांडीवर धरून आण म्हणून सांगितलंय. तुझा गाळ हलणार नाही.’

गाडी तोच चालवणार. मांडीवर कुणाच्या धरायची होती?

ड्रायव्हर भला माणूस निघाला. त्याला उकडहंडी वाढली, मटण वाढलं. गाडीत चिकूची एक पेटी ठेवली, मोठी फळं वेचून, उद्या-परवा खाण्याजोगी. तो हात धुऊन म्हणाला, “शेठला काय सांगू?” मी म्हटलं, “सांग, बाटली उभी आहे. उभी बाटली हलवता येत नाही.” त्याला कळलं नाही, पण त्यानं दोनदा म्हणून पाठ केलं. तुला पोचलं असेल.

बसून सांगायची गोष्ट आता कागदावरच सांगतो. आज सांगायला हरकत नाही, कारण चैत्याच्या नावावर झरीला कुळाची जमीन लागली आहे. घर उभं राहिलंय, या आठवड्यात ती दोघं बिऱ्हाड हलवतात. तुझ्या बागेतून त्यांना काढण्याचं तुझ्या हाती आता काही उरलं नाही.

अठ्ठावन्न साली त्या जेवणाच्या आधी मी पणती आणायला स्वयंपाकघरात गेलो होतो. पणतीच्या उजेडावर बाटलीचा गळा धरून ओततात, गाळ कुठवर आला ते दिसायला. पुतळी तिथे होती. मला बघून तिचं तोंड फुललं. म्हणाली, “नारूभाऊ, तू नव्हता पण मी बावाशेठला आडवा नाय ठेवला. ते गेले त्याच दिवाळीला खाली जाऊन सगळ्या बाटल्या नळातून काढल्या, पुसल्या, उभ्या केल्या. शेंदूर लावला. सणावाराला दिवा लावते.”

पुतळीच्या जमातीत माणूस गेला की त्याच्या नावाचा वीर उभा करतात. दगड म्हण, लाकडाची फळी म्हण, पण उभा. गेलेल्याचं काही आडवं पडून राहिलं तर तो जागेवर बसत नाही, भटकत राहतो. बावाशेठ गेले, त्यांना तुम्ही नेलंत, इथे त्यांचं काहीच उभं केलं नाहीत. या बाईनं केलं. तिच्या दृष्टीनं त्या तेरा बाटल्या म्हणजे बावाशेठ होते. सव्वादोन वर्षं त्या उभ्या राहिल्या, त्यात दोन उन्हाळे. बुचं आतून सुकली, वारा शिरला. वाइनला आडवं का ठेवतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारा उंबरगावला चिकूचे खड्डे खणून घेत होता.

मी पणती घेऊन बाहेर आलो आणि तू बिऱ्हाड बागेबाहेर काढायचं म्हणून हसत होतास. पुतळी माझ्या मागोमाग दारात येऊन उभी राहिली, आपण राखलेलं उघडताना बघायला. अशा वेळी मी काय म्हणायला हवं होतं? सरका झालाय म्हटलं असतं, तर तू पुढचा प्रश्न विचारला असतास, कसा झाला? आणि तिनं तुला अभिमानानं सांगितलं असतं. मला वाटलं, म्हातारी झालीय, दमलीय म्हटलं की तुम्ही दोन घोट घ्याल, तोंड वाकडं कराल आणि मटणाकडे वळाल. तुझ्या पपांच्या टेबलावर त्यांच्या वस्तूला कुणी थुंकणार नाही असं मी धरून चाललो होतो.

हे मी तुला रविवारी सांगणार होतो. सगळं संपल्यावर, तुझ्या ग्लासात तुझ्या सालची वाइन असताना. तू नुसतं “असं होय नारूभाय” म्हणाला असतास तरी पुरलं असतं.

ड्रायव्हर गेल्यावर मी मडक्याशी बसून राहिलो. पुतळी म्हणाली, “जेवण कुणी खायचं?” मग मीच म्हटलं, आपण. दिवेलागणीला टेबल मांडलं. चैत्या खुर्चीवर बसेना, पायरीवर बसला. म्हणाला, “खुर्ची मीच तासलीय, मला भरोसा नाय.” पुतळी बसली. तुझ्या खुर्चीवर, पाय वर घेऊन. मी माझ्या.

तिनं सरळ विचारलं. “त्या बाकीच्या माझ्यानं गेल्या ना?”

मी म्हटलं, “नाही. हवेनं गेल्या.”

“खोटं बोलतो तवा कान खाजवतो तू. लहान होता तवापासून.” माझा हात खरंच कानाशी होता. “पाच वर्षं तू माझ्याशी धड बोलला नाय. भाकरी घेतली, मान फिरवली. मला वाटायचं, काय केलं मी याचं? शेठला सांगायचं होतं सरळ. शेठ ओरडला असता, मी ऐकलं असतं. बाहेर काढलं असतं तर झरीला भाऊ होता माझा. घर काय रे, कुडाच्या चार भिंती. एका दिवसात दुसरं होतं.”

चैत्या पायरीवरून म्हणाला, “दोन दिवस लागतात.”

“तू करतो म्हणून दोन,” ती म्हणाली.

म्हणजे बघ. पाच वर्षं मी सरकोवाला म्हणून मिरवलो, ते जिच्यासाठी, तिला ते नकोच होतं. आणि ज्यानं ते जाणायचं, तो पेसीकडे जेवत होता. हे तुला मुद्दाम कळवतो. तुझ्या मित्रांना सांगायला ही गोष्ट आधीच्या गोष्टीहून चांगली आहे.

मग मी बूच काढलं. सबंध निघालं. पणतीवर गळा धरून दुसऱ्या भांड्यात ओतली, सावकाश, गाळाचा पहिला काळा धागा गळ्याशी येईपर्यंत, आणि तिथे हात थांबवला. बावाशेठचे ग्लास तुझ्याकडे, म्हणून चहाचे काचेचे ग्लास घेतले. मी उचलणार तेवढ्यात पुतळीनं माझं मनगट धरलं. तिनं आपल्या ग्लासात बोट बुडवून जमिनीवर थेंब सोडले, “बावाशेठ, घे,” म्हणाली, आणि मग मला “पी आता.”

तिघांनी प्यायली. मटणाबरोबर थोडी, आणि उरलेली नुसती.

आता तुझी अपेक्षा असेल की मी लिहीन. तुला माहीत आहे की मी लिहू शकतो. रंग कडेला कसा होता आणि मध्ये कसा, पहिला वास कोणता, भांड्यात थोडी बसल्यावर दुसरा कोणता आला, घोट गिळल्यावर काय राहिलं आणि किती वेळ. पुतळी एक शब्द बोलली, तो माझ्या सगळ्या सूचीपत्रांत नाही आणि अगदी बरोबर होता. चैत्यानंही काहीतरी म्हटलं. सगळं मला क्रमानं आठवतंय आणि मरेपर्यंत आठवेल.

ते मी तुला सांगणार नाही. सरको नव्हता, एवढंच कळवतो. तुझ्या बापानं तुझ्या नावानं चौतीस वर्षांची एक चव भिंतीत लिंपून ठेवली होती. ती काय होती हे जगात तीन माणसांना ठाऊक आहे. त्यात तू नाहीस.

या महिन्याअखेर मी काम सोडतो. रानशेतला माझी जागा आहे, कलमांचे वाफे तयार आहेत. घराच्या, विहिरीच्या, गोदामाच्या किल्ल्या हाल्या माळ्याकडे देतो. पंप नवा आहे, चार महिन्यांनी एकदा तेल बदलायला सांग. पट्टीवर तुझं नाव आहे म्हणून ती जस्ताची पट्टी या पाकिटात घातली आहे. ती तुझी.

रिकामी बाटली पुतळीनं मागून घेतली. झरीच्या घरापुढे उभी करणार आहे, शेंदूर लावून.

आता उभी ठेवायला हरकत नाही.

नारायण जिवा तामोरे